घडी मोडणे आणि घडी बसविणे

'घडी' हा आपल्या कारभारी मंडळींचा फार जुना शब्द आहे. धोतराची घडी असते, पत्राची घडी असते, आणि तशीच राज्याच्या कारभाराचीही घडी असते. ती मोडते, विस्कटते, आणि कोणी शहाणा माणूस भेटला तर पुन्हा बसतेही. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत घडी मोडल्याची हकीकत सविस्तर येते, कारण तिच्याबरोबर लढाया येतात, तह येतात, गादीवरून भांडणे येतात. घडी बसविल्याची हकीकत मात्र बहुधा एका ओळीत उरकलेली असते. 'पुढे अमुक साली नवी व्यवस्था अमलात आली' असे लिहून इतिहासकार पुढच्या लढाईकडे वळतो. जुन्या कचेरीतला कारकून नव्या कचेरीत कसा गेला, दप्तराचे रुमाल कोणी कोठे नेले, गावच्या माणसाने फिर्याद घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या दारात जावयाचे, हे कोणी सांगत नाही. आम्ही आज त्या एका ओळीच्या आत शिरून पाहणार आहो.

विषय कवठे महांकाळास मांडावयाचा तर त्याला आणखी एक कारण आहे. हा तालुका स्वतःच अशा एका फेरबदलाचे फळ आहे. १९६५ पूर्वी सांगली जिल्ह्याच्या तालुक्यांच्या यादीत कवठे महांकाळ हे नाव नव्हते. मिरज, तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा आणि जत एवढीच ती यादी. १९६५ साली तिच्यात दोन नावे वाढली, आटपाडी आणि कवठे महांकाळ. हे दोन तालुके जुळे भाऊच म्हणावयाचे. दोन्ही जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, दोन्ही पावसाला पारखे. पण आटपाडीच्या वाट्याला त्याआधी पंचवीस वर्षांपूर्वी एक असा प्रयोग आला होता की, त्याची दखल साक्षात महात्माजींना घ्यावी लागली. कारभारात बदल करावयाचा तर तो केवढ्या मापाचा असावा, आणि लहान मापाचा बदल मोठ्या मापाच्या बदलात सापडला म्हणजे त्याचे काय होते, हे शिकावयास आपल्याला पश्चिमेकडील ग्रंथ उघडण्याची गरज नाही. आपल्या शेजारच्याच तालुक्यात तो धडा घडलेला आहे.

प्रथम जुना नकाशा डोळ्यांपुढे आणू. १९४८ च्या आधी या भागात किती राज्ये नांदत होती याची आजच्या तरुणांस कल्पना येणार नाही. कुची हे आपल्या शेजारचे गाव सांगली संस्थानातील एका तालुक्याला नाव देऊन बसले होते. पूर्वेस जतचे डफळे, दक्षिणेस मिरजेचे पटवर्धन, त्यांतही थोरली पाती आणि धाकटी पाती. पश्चिमेस तासगाव, ते मात्र इंग्रजी अमलातील सातारा जिल्ह्यात. सांगली संस्थानाचा मुलूखही एकसंध नव्हता. मंगळवेढे एकीकडे, शिरहट्टी आणि तेरदाळ कानडी मुलखात, शहापूर बेळगावास लागून. एखाद्या गोधडीची ठिगळे वाऱ्यावर उडून दूर दूर जाऊन पडावीत तशी ही रचना. शेताच्या बांधापलीकडे राज्य बदलावयाचे, कायदा बदलावयाचा, आणि वादाचे कोर्टही बदलावयाचे.

असल्या मुलखात नवी घडी बसविण्याचे प्रयत्न याआधीही झाले होते. त्यांपैकी दोन आम्ही धावत्या नजरेने पाहतो, कारण पुढच्या गोष्टीला त्यांचा आधार होतो. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांचे राज्य इंग्रजांनी उभे केले. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तेथे अधिकारी होता. त्याने सर्व कारभार एकदम महाराजांच्या हाती दिला नाही. चार वर्षे स्वतः चालविला, हिशेबाची आणि न्यायाची पद्धत घालून दिली, आणि १८२२ च्या एप्रिलात राज्य महाराजांच्या हवाली केले. एल्फिन्स्टनसाहेबाचे धोरणही तेव्हा असेच होते की, जुने जे चालते आहे त्याला उगाच हात लावू नये. या लोकांचा हेतू परोपकाराचा होता असे आम्ही म्हणत नाही. पण काम टप्प्याने करावे आणि हवाली करण्याचा दिवस ठरलेला असावा, ही गोष्ट त्यांस कळत होती.

तीस वर्षांनी त्यांच्याच वारसांना ती कळेनाशी झाली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दक्षिण महाराष्ट्रातील घराघरांत 'सनद दाखवा' असा हुकूम आला. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या वहिवाटीचे कागद कोणाचे वाळवीने खाल्ले होते, कोणाचे भाऊबंदकीत गेले होते, कोणाजवळ मुळीच नव्हते. एकच नियम लहान इनामदारालाही आणि मोठ्या जहागिरदारालाही लावला गेला. त्यातून जो असंतोष साठला त्याचा हिशेब १८५८ साली झाला. नरगुंदकर बाबासाहेबांच्या लोकांनी या भागाचा पोलिटिकल एजंट मॅन्सन यास ठार केले. मॅन्सन पूर्वी याच इनामाच्या कामावर होता, ही गोष्ट लोक विसरले नव्हते.

आता औंधाकडे येऊ, कारण आमच्या विषयाचा गाभा तेथे आहे.

औंध संस्थान म्हणजे सुमारे पाचशे चौरस मैलांचा मुलूख, बहात्तर गावे आणि पाऊण लाख वस्ती. त्याचेही तुकडे होते. राजधानी औंध खटावच्या बाजूस, कुंडल कृष्णाकाठाजवळ, आटपाडी माणदेशात, आणि गुणदाळ दूर विजापूरकडे कानडी मुलखात. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. सूर्यनमस्काराचे वेड, चित्रकलेचा नाद आणि प्रजेविषयी खरी कळकळ अशी त्यांची ख्याती. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली बेळगावातून आपला कारखाना हलवावा लागला, तेव्हा कुंडल रोड स्टेशनाजवळचे निवडुंगाचे माळरान याच राजांनी त्यांस दिले, आणि त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेव्हा नव्या गोष्टीला जागा करून देण्याची या राजाला सवय होती.

१९३८ च्या नोव्हेंबरात आपल्या वाढदिवसानिमित्त बाळासाहेबांनी जाहीर केले की, राज्याचा कारभार आपण प्रजेच्या हाती देत आहो. त्या काळी बऱ्याच संस्थानांत प्रजापरिषदा जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करीत होत्या आणि राजेलोक लाठी चालवीत होते. येथे राजा आपण होऊन देतो म्हणाला! त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले होते, आणि त्यांच्या जोडीला मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा एक इंजिनियर होता. हा गृहस्थ बंगलोरच्या सरकारी विद्युत् कारखान्यात काम करीत असे. पुढे त्याने भगवी वस्त्रे घेतली आणि भारतानंद हे नाव धारण केले. ही मंडळी महात्माजींकडे गेली. गांधीजींच्या विचाराने राज्यघटना तयार झाली आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती औंधात मान्य झाली.

या घटनेची रचना नीट पाहण्यासारखी आहे. नेहमीची घटना वरून खाली येते. आधी विधिमंडळ, मग मंत्री, मग खाते, आणि सर्वांत शेवटी गाव. औंधची घटना खालून वर गेली. गावाने पाच पंच निवडावेत; गावोगावच्या पंचायतींच्या अध्यक्षांनी मिळून तालुक्याची समिती व्हावी; आणि तालुक्यांकडून राज्याच्या विधिमंडळात प्रतिनिधी जावेत. न्यायदानाचे कामही शक्य तितके गावातच व्हावे, शेतकऱ्याने वकील गाठावयास राजधानीस खेटे घालू नयेत, असा कटाक्ष होता. हे सर्व बहात्तर गावांत करावयाचे होते, आणि बहात्तर हा आकडा येथे महत्त्वाचा आहे. बहात्तर गावे एक माणूस पायी फिरू शकतो. अप्पासाहेब आणि त्यांचे सहकारी खेड्यांतून फिरले, लोकांशी बोलले. पंचायत म्हणजे काय, तिच्यापुढे कोणता प्रश्न आणावा, कोणता आणू नये, हे परिपत्रकाने न सांगता पारावर बसून सांगितले. आमच्या मते या प्रयोगाला जे यश आले त्याचे पहिले कारण घटनेतील कलमे नसून ही पायपीट होय.

दुसरे कारण असे की, ज्याचा अधिकार जाणार होता तोच बदलाचा पुरस्कर्ता होता. कोठल्याही फेरबदलात विरोध येतो तो बहुधा ज्याचे आसन हलते त्याच्याकडून. येथे आसन हलविणारा आणि आसनावर बसलेला माणूस एकच होता. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. जे एका माणसाच्या शब्दाने आले त्याच्या पाठीशी त्या एका माणसाचा शब्द एवढेच बळ असते. पुढे जे घडले ते समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

याच १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. जन्मठेपेच्या कैद्यांना उंच भिंतींआड न ठेवता, शेती करून, बायकामुलांसह राहू द्यावयाचे, ही फ्रीडमनची कल्पना. रखवालदार नावाला. माणदेशाच्या त्या उजाड माळावर पळून जाण्यास चारी दिशा मोकळ्या होत्या. ही वसाहत पुढे सगळ्या देशाला ठाऊक झाली ती व्ही. शांतारामांच्या 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या बोलपटामुळे. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळकर हे त्याच मातीतले.

औंधात हे चालले असता भोवतालच्या सातारा जिल्ह्यात निराळीच उलथापालथ चालली होती. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले, आणि त्याचे एक मोठे केंद्र कुंडल, म्हणजे औंधचेच गाव. तेथेही न्यायनिवाडे होत, गावगुंडांचा बंदोबस्त होई, दारूबंदी आणि हुंड्याविना लग्ने असली कामे होत. एका प्रयोगाला राजाची संमती होती, दुसऱ्याच्या मागे इंग्रजांचे पोलिस होते, साधनांतही महदंतर. पण गावकीचा कारभार गावच्या माणसांनी चालवावा ही सवय दोन्हींनी एकाच मुलखात लावली. प्रतिसरकारवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून आम्ही येथे थांबत नाही.

मग १९४७ साल आले. दक्षिणी संस्थानांपैकी काहींनी आपले एक संयुक्त राज्य करावे असा घाट घातला होता. त्याला अवधी मिळाला नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींची हत्या झाली आणि सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. ते दिवस या भागातील वृद्धांनी पाहिले, पण त्यांविषयी बोलणे फारसे झाले नाही. एवढ्याएवढ्याशा राज्यांना आपल्या हद्दीत शांतता राखण्याचे बळ नाही, हे त्या आठवड्यात उघडे पडले. संयुक्त राज्याची कल्पना मावळली, संस्थानिकांच्या सह्या झाल्या, आणि ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थानांचा कारभार मुंबई सरकारने ताब्यात घेतला.

या विलीनीकरणाच्या विरुद्ध आम्ही बोलत आहो असा कोणी ग्रह करून घेऊ नये. ती ठिगळे एकत्र शिवलीच पाहिजे होती. सरदार पटेलांनी आणि व्ही. पी. मेननांनी देशभर पाचशेंवर संस्थानांचा गुंता ज्या वेगाने सोडविला त्याला जगाच्या इतिहासात जोड सापडणे कठीण. पण वेगाची किंमत असते, आणि ती कोणी भरली हे पाहणे इतिहासाचे काम आहे.

औंधचा मुलूख वाटला गेला. खुद्द औंध गाव सातारा जिल्ह्यात राहिले. आटपाडी आणि कुंडल ही १ ऑगस्ट १९४९ रोजी झालेल्या नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आली. गुणदाळ विजापूर जिल्ह्यात गेले, आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विजापूरबरोबर म्हैसूर राज्यात. ज्या बहात्तर गावांनी मिळून खालून वर जाणारी एक उतरंड रचली होती, ती गावे तीन जिल्ह्यांत आणि शेवटी दोन राज्यांत विभागली. गावची पंचायत तालुक्याच्या समितीला जोडलेली, समिती विधिमंडळाला जोडलेली. वरचे मडके काढले की खालचे नुसते मडके उरते. मुंबई राज्यात ग्रामपंचायतीचा कायदा होता, पण तो सर्व राज्याला एकच. त्यात औंधच्या पंचायतीचे अधिकार बसविण्यास खण नव्हता. कोणी दुष्टपणा केला नाही, कोणी हेतुपुरस्सर मोडतोड केली नाही. मुंबईच्या सचिवालयात बसलेल्या अधिकाऱ्यापुढे संस्थानांची मोठी यादी होती. तिच्यात औंध हे एक नाव. त्या यादीत जमा, खर्च, नोकर, इमारती, खटले असे रकाने असणार. 'येथील खेडुतांना नऊ वर्षे स्वतःचा कारभार करण्याची सवय आहे' असा रकाना कोणत्या यादीत असतो?

स्वतंत्रपूर मात्र टिकले, आणि आजही ती खुली वसाहत महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे चालू आहे. हे कसे झाले याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आमचे अनुमान असे की, स्वतंत्रपुराला मोठ्या कारभारात बसावयास खण होता. तुरुंगाचे खाते मुंबईतही होते. खुला असला तरी तो तुरुंगच, कैदी असले तरी त्यांची संख्या आणि खर्च मांडता येणारा. त्याचा कागद कोणत्या टेबलावर जावयाचा हे ठरलेले होते. पंचायतींचा कागद कोणत्या टेबलावर जावयाचा हे ठरलेले नव्हते. चांगले आणि कमी चांगले हा भेद त्या वेळी कामास आला नाही.

मिरज जंक्शन ज्यांनी जुन्या काळी पाहिले आहे त्यांस ही गोष्ट चटकन पटेल. पंढरपूरकडून कवठे महांकाळावरून येणारी बार्शी लाइट रेल्वेची गाडी अडीच फुटी रुळांवर चाले. ती १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली. पुण्या-बेळगावची गाडी मीटर मापाच्या रुळांवर, आणि १९७१ च्या सुमारास पुण्याहून मोठ्या मापाचे रूळ आले तेव्हा एकाच स्टेशनात तीन मापे नांदू लागली. गाड्या तिन्ही चांगल्या. पण एकीतला माल दुसरीत न्यावयाचा तर हमालाने पाठीवर वाहून नेला पाहिजे. फलाटावर हमाल नसेल तर माल तेथेच पडून राहणार. कारभाराच्या दोन मापांमध्ये असा फलाट असतो, आणि योजना आखणारे लोक बहुधा त्याचाच खर्च धरावयास विसरतात.

त्या फलाटावरची मंडळी म्हणजे संस्थानी कारकून, शिरस्तेदार, शिक्षक, पोलिस. विलीनीकरणाच्या इतिहासात संस्थानिकांच्या तनख्यांची चर्चा भरपूर आहे. या माणसांची नाही. संस्थानात अमुक जागेवर असलेला माणूस मुंबई राज्याच्या कोणत्या श्रेणीत बसवावयाचा, त्याची ज्येष्ठता कोठून मोजावयाची, हे प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळले. आणि कागद? मोडी लिपीतले रुमाल, प्रत्येक संस्थानाची निराळी नोंदीची तऱ्हा. आज जमिनीच्या वादात जुना संस्थानी कागद निघाला तर तो वाचणारा शोधावा लागतो. घडी बसून पाऊणशे वर्षे झाली तरी एक सुरकुती अजून राहिली आहे ती अशी.

याच्या उलट एक बदल असा की, तो इतक्या सावकाश झाला की बदल झाला हेच आपण विसरलो. तो म्हणजे वतनदार कुलकर्ण्याच्या जागी आलेला पगारी तलाठी. छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर राज्यात कुलकर्णी वतने बरखास्त करून तलाठी नेमले, आणि त्या जागा सर्व जातींच्या माणसांना, अस्पृश्य मानलेल्यांनाही, खुल्या केल्या. त्यावर केवढे वादळ उठले ते सर्वांस माहीत आहे. इंग्रजी मुलखात पैसे देऊन वतनाचा मोबदला करण्याची रीत सुरू झाली होती. मुंबई राज्याने परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने रद्द केली. मुलकी पाटलाचे वंशपरंपरेचे पद १९६२ च्या कायद्याने गेले. आणि पोलिस पाटलासाठी १९६७ साली वेगळा कायदा झाला. म्हणजे पाटील आणि कुलकर्णी ही गावगाड्याची दोन चाके बदलावयास जवळजवळ पन्नास वर्षे लागली. पण या सर्व काळात एक दिवसही असा गेला नाही की, गावात सारा घेणारे आणि नोंद करणारे कोणी नव्हते. नवे चाक बसल्याशिवाय जुने काढले नाही. ही सावकाशी सर्वच ठिकाणी योग्य होती असे नाही; कित्येकांच्या दोन पिढ्या वतनाच्या जाचात गेल्या. शाहू महाराजांची घाई आम्हांस तरी समर्थनीय वाटते. जेथे अन्याय आहे तेथे सावकाशीचा उपदेश करणारा माणूस बहुधा अन्याय न सोसलेला असतो.

आता तिसऱ्या मापाचा बदल. सबंध राज्य एका दिवशी बदलावयाचे, तो दिवस १ मे १९६२. बळवंतराय मेहता समितीने १९५७ च्या नोव्हेंबरात लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली. राजस्थानने घाई केली आणि २ ऑक्टोबर १९५९ रोजी नागौर येथे पंचायत राज्याचा आरंभ झाला. पाठोपाठ आंध्रही आला. महाराष्ट्र मागे राहिला म्हणून त्या वेळी टीका झाली. पण मागे राहणारे सगळेच आळशी नसतात. महाराष्ट्र राज्य स्थापन होताच १९६० मध्ये महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६१ मध्ये आला आणि त्याच वर्षी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या यांचा कायदा झाला. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे. हे गाव कुंडलच्या अगदी जवळ, म्हणजे औंधचा प्रयोग आणि प्रतिसरकार यांच्या ऐन शेजारचे. कोणता विचार कोणापासून आला याचे पुरावे आम्ही देत नाही, पण माणूस ज्या वाऱ्यात वाढतो तो त्याच्या अंगी लागतोच.

नाईक समितीने मेहता समितीची नक्कल केली नाही. मेहता समितीने जोर दिला होता तो मधल्या पायरीवर, पंचायत समितीवर. नाईक समिती म्हणाली की, बळकट करावयाची ती जिल्ह्याची पायरी, कारण इंजिनियर, डॉक्टर, शेतकीतज्ज्ञ यांचा संच पोसण्याइतका पैसा आणि पल्ला जिल्ह्यापाशीच आहे. म्हणजे मापाचा प्रश्न तिने उघडपणे विचारला. आणखी असे की, कलेक्टरला जिल्हा परिषदेबाहेर ठेवले. विकासाची कामे परिषदेकडे, सारा आणि शांतता कलेक्टरकडे. जिल्हा लोकल बोर्डे आणि जिल्हा शाळा मंडळे बंद झाली. त्यांचे नोकर आणि प्राथमिक शिक्षक परिषदेकडे आले. सरकारी खात्यांतली माणसे कामासकट वर्ग झाली. वर मुख्य कार्यकारी अधिकारी नेमला. माणूस, काम आणि पैसा ही तिन्ही एकाच दिवशी हलली. १९४८ साली सीमा आधी हलली आणि माणसे मागाहून फरफटत गेली. १९६२ साली माणसांची सोय आधी कागदावर झाली आणि मग पाटी बदलली.

तेव्हा १९६२ ची घडी १९४८ पेक्षा चांगली बसली, असे म्हणावयास हरकत नाही. ती सर्वांगसुंदर बसली असे मात्र नव्हे. जिल्हा बळकट झाला आणि गाव तसेच राहिले. औंधात गाव हा पाया होता. येथे गाव ही तिसरी, सर्वांत खालची पायरी झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी नवे पुढारी तयार झाले, त्यांपैकी कित्येक पुढे मंत्री झाले, पण पारावर बसून सांगणारा माणूस कोणी नेमला नव्हता. अख्ख्या राज्याची हजारो गावे कोण पायी फिरणार? मोठ्या मापात तो माणूस अशक्य होतो, आणि त्याच्या जागी परिपत्रक येते. आमचा आक्षेप परिपत्रकाला नाही. त्याने तो माणूस मुळीच नको असे समजण्याला आहे.

दक्षिण सातारा हे नाव २१ नोव्हेंबर १९६० रोजी जाऊन सांगली जिल्हा हे नाव आले. पण नाव बदलले तरी १९४९ ची तालुक्यांची आखणी तशीच होती. पूर्वेकडच्या माणसाला मामलेदार कचेरीत जावयाचे तर लांबचा पल्ला, आणि तोही बहुधा पीक बुडालेल्या वर्षी, म्हणजे खिशात भाड्याचे पैसे नसताना. १९६५ साली आटपाडी आणि कवठे महांकाळ हे तालुके झाले ते या दृष्टीने. वरून पाहता हा फार लहान बदल. विधानसभेत त्यावर गाजलेली भाषणे झाली नाहीत, देशाच्या इतिहासात त्याला ओळ मिळणार नाही. पण तलाठ्याच्या सजेपासून मामलेदाराच्या मेजापर्यंतचे अंतर कमी झाले म्हणजे शेतकऱ्याचा एक दिवस वाचतो, आणि वर्षाकाठी असे किती दिवस वाचले याचा हिशेब शेतकरी स्वतः चोख ठेवतो. पुढे १९९९ साली पलूस आणि २००२ साली कडेगाव असे आणखी दोन तालुके झाले आणि सहांचे दहा पुरे झाले.

औंधच्या पंचायतींना जे मिळाले नव्हते ते १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने देशातील सर्व पंचायतींना मिळाले. ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. पंचायत मोडली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घेतलीच पाहिजे, ग्रामसभा ही घटनेने मानलेली सभा होय, आणि राज्यकर्ता बदलला, जिल्हा बदलला, तालुका बदलला तरी पंचायत जागच्या जागी राहते. एका राजाच्या शब्दावर उभी असलेली गोष्ट घटनेच्या कलमावर उभी राहण्यास चोपन्न वर्षे लागली. तोवर औंध खटाव तालुक्यातले एक गाव झाले होते. कुंडल आज पलूस तालुक्यात आहे. गुणदाळ कर्नाटकात आहे. आणि आटपाडीस मामलेदार कचेरी आहे, जशी ती कवठे महांकाळास आहे.